घरच्या गुळाचा रंग

माझ्या भाच्याच्या मोटरसायकलला कार्ब्युरेटर नाही. तो गाडीला लॅपटॉपची वायर लावतो, पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात, आणि कुठल्या चौकोनात पेट्रोल किती जायचं हे बोटानं कमी-जास्त करतो. याला मॅपिंग म्हणतात, असं तो मला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत होता. म्हटलं, शहाण्या, मला शिकवू नकोस. तुझ्या बापाची गाडी मी जुळवलेली आहे आणि माझ्याकडं लॅपटॉप नव्हता. माझ्याकडं गुळाचा खडा होता.

त्याला वाटलं, आत्या चेष्टा करतेय. चेष्टा कसली डोंबलाची! त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लिहिताना मी ‘गेले, केलं’ असं शाळेतल्यासारखं लिहीत असले, तरी बोलताना आम्ही कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी करतो’ असंच बोलतो. तेव्हा पुढं माझ्या तोंडी तसं आलं तर कुणी दचकू नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातून गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, गावाबाहेर ऊस आणि उसाच्या कडेला आमचं गुऱ्हाळ. आमचे आबा, म्हणजे वडील, गुळव्या. म्हणजे नुसते गुऱ्हाळाचे मालक नव्हेत, तर उकळत्या रसाचा गूळ नेमका कधी झाला हे ठरवणारा माणूस. चुलवाणावर अवाढव्य काहील, म्हणजे रसाची कढई, रटरटत असायची. आबा काठाला उभे राहून रसाचे बुडबुडे बघायचे, थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी वळायचे, आणि एका क्षणी म्हणायचे, “उतरा!” की गडी बांबू लावून काहील खाली ओढायचे. त्या शब्दाआधी कुणी हात लावायचा नाही आणि शब्दानंतर कुणी थांबायचं नाही. लवकर उतरली तर गूळ पाघळतो, उशीर झाला तर करपतो. आबांनी दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कितीदा तरी काठाला उभं केलं. पण त्याचं सगळं लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजाकडं. मला कुणी उभं केलं नाही. गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, फडकं गुंडाळायच्या निमित्तानं मी आपली तिथंच घोटाळायची आणि बघायची. पोरीला कोण विचारतंय?

तर या दादानं एक जुनी टू-स्ट्रोक गाडी आणली. दिवे काढले, मडगार्ड उतरवले, सीट कापून निम्मी केली आणि काटेरी टायर घातले. इतकी हलकी झाली, की मी एकटी तिला स्टँडवर चढवायची. तेव्हा आमच्याकडं माळामाळावर मातीतल्या शर्यती व्हायच्या. कडेनं दोरी बांधलेली, लाल धुरळा, आणि दोरीपलीकडं सगळा गाव लोटलेला. दादा चालवायचा झकास, त्याबद्दल मला तोंड उघडायला जागा नाही. पण गाडी पळवणं वेगळं आणि गाडीला जेवू घालणं वेगळं. तो मूठ पिळायचा आणि गाडी पळाली की खूश. आत पेट्रोल किती जातंय, हवा किती जातेय, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही. ते काम माझ्याकडं आलं. आलं म्हणजे, मी हिसकावून घेतलं.

काम तसं सोपं आहे. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरात पितळेचा एक बारका तुकडा असतो, त्याला आरपार भोक. त्याला मेन जेट म्हणायचं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, बारीक तर कमी. मूठ पुरी पिळली की त्याचं राज्य. मूठ अर्धी असली की राज्य एका सुईचं. तिला खाचा असतात, खाच बदलली की सुई वर-खाली होते; वर गेली की पेट्रोल जास्त, खाली आली की कमी. आणि हे सगळं बरोबर बसलं का, ते इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग सांगतो. गाडी भरधाव सोडायची, तशीच एकदम बंद करायची आणि प्लग खोलून त्याचा रंग बघायचा. काळा निघाला तर पेट्रोल जादा. कोल्हापुरातल्या मिस्त्रीकडून दादा एवढं ऐकून आला होता. काळा नको, तर मग कसा हवा, हे विचारायचं राहून गेलं.

ते आम्ही घरीच ठरवलं. गुळाच्या घरातली माणसं आम्ही, आम्हाला रंगातलं काय सांगायचं? बाजारात सौद्याला गुळाचा रवा फोडला की व्यापारी पहिल्यांदा रंग बघतो. पिवळाधमक असला की एक नंबर. तांबूस असला की नाक मुरडणार. त्या पिवळ्या रंगासाठी सगळे जण रसात रंग उजळायची पावडर घालत, आबाही घालत. तर आमच्या प्लगचा रंग काळ्याचा तपकिरी झाला, तेव्हा आम्ही थांबलोच नाही. अजून बारीक जेट घातला. प्लग उजळला. अजून बारीक. शेवटी असा फिकट, पिवळसर पांढरा प्लग निघाला, की दादानं तो तळहातावर घेऊन थेट गुऱ्हाळात आबांच्या पुढं धरला.

आबांनी तो उन्हाकडं करून फिरवून बघितला आणि म्हणाले, “आयला, एक नंबर माल हाय की रं!”

आणि गाडी पळाली म्हणता! मूठ पिळली की नुसती शीळ घालत जायची. आमच्या गावामागच्या मुरमाड माळावर दादानं ती अशी सोडली, की दाव्याला बांधलेली जनावरं बुजली. मी कमरेवर हात ठेवून उभी होते आणि मनात म्हणत होते, नाद करायचा न्हाय आमचा! तेवढ्यात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटाला आवाज एकदम तुटला. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि दादा हँडलवरून पुढं फेकला गेला. गालफड सोललं, मनगट सुजलं. नशीब, त्यावर भागलं. पिस्टन आत चिकटून बसला होता, किक मारली तर पाय परत यायचा.

त्या संध्याकाळी आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दादाच्या गालाला आई हळद लावत होती, तिकडं बघत ते म्हणाले, “ह्या बारीला करा दुरुस्त. पण फुडं परत एकदा जाम झाली, की त्याच दिशी टेम्पोत घालून इकून टाकणार. भंगारात गेली तरी चालंल. पोराला असा बघायची हौस न्हाय मला.”

आबा बोलले म्हणजे झालं. दादाचा चेहरा पार उतरला. गाडी गेली असती तर तो गुऱ्हाळात नुसता देहानं उभा राहिला असता, हे मला कळत होतं. आणि माझं म्हणाल, तर मलाही ती गाडी हवी होती. माझ्या हातानं जुळलेली दुसरी कुठली वस्तू तेव्हा जगात नव्हती.

कोल्हापूरच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि कपाळाला हात लावला. “उपाशी मारलीसा की हिला! प्लग पांढरा पडला म्हंजे पेट्रोल पुरंना झालंय. तापून मरतंय इंजिन.”

“मग कसा पायजे रंग?” मी विचारलं.

“चहागत.”

आता चहागत म्हणजे कुणाच्या घरच्या चहागत? सगळ्या वाटेभर मी तेच डोक्यात घोळवत आले. घरी आईनं गुळाचा चहा टाकला होता. डबा समोर उघडा होता आणि त्यात घरचा गूळ. हंगामातली शेवटची काहील आबा घरासाठी करायचे, त्यात पावडर घालायचे नाहीत. तो गूळ तांबूस तपकिरी, जरा काळपटच. सौद्यात नेला असता तर कुणी हात लावला नसता. पण आम्ही खायचो तो हाच, पाव्हण्यांना पाण्याबरोबर द्यायचो तोही हाच. मी एक खडा उचलला आणि मला स्वतःचाच असा राग आला म्हणून सांगू! बाजाराला दाखवायचा रंग आम्ही गाडीकडं मागत होतो. खायचा रंग मागायला पाहिजे होता.

तो खडा मी कागदात गुंडाळून पान्यांच्या डब्यात टाकला. दादा म्हणाला, “खुळी हाईस काय? मुंग्या लागतील.” लागल्याच. मी मुंग्या झटकायची आणि प्लग खड्याशेजारी धरून बघायची. पावसाळाभर हेच. पाऊस उघडला की दादा रस्त्यानं गाडी ताणून आणायचा, मी प्लग खोलायची, खड्याला लावायची आणि जेट बदलायची. बोटांना पेट्रोलचा वास कायमचा बसला. आई म्हणायची, भाकरीला पण वास येतो. येऊ दे की!

त्या पावसात मला आणखी एक गोष्ट उमगली. गाडी तीच, जेट तोच, पण हवा बदलली की रंग बदलतो. धुकं उतरलेल्या, दमट सकाळी प्लग काळवंडायचा आणि गाडी भडभडायची. तोच जेट उघडिपीच्या कोरड्या गार वाऱ्यात उजळ निघायचा, कारण तशा हवेत इंजिनाला भूक जास्त. रसाचंही असंच असतं. आबा एकाच फडाच्या उसाला दोन दिवस दोन तऱ्हेचा जाळ लावायला सांगायचे. म्हणून मला ते लगेच पटलं, कुणी पुस्तकातून शिकवायची गरज पडली नाही.

दसरा झाल्यावर गगनबावड्याच्या वरच्या माळावर शर्यत ठरली. गाडी न्यायला आबांनी टेम्पो काढला आणि स्वतः पुढं चढून बसले. ते कधी कुठल्या शर्यतीला आले नव्हते. आम्हाला वाटलं, चला, कौतुकानं येतायत. निघताना आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “गिऱ्हाईक बघून ठिवलंय त्यांनी. जाम झाली, तर टेम्पो तसाच तिकडं जाणार हाय.” हे मी दादाला सांगितलं नाही.

वर पोचलो तर धुकं असं, की हातातली पिशवी दिसत नव्हती. त्या धुक्यातच सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दादा एक चक्कर मारून आला तो वैतागून. “भडभडालीया नुसती. उठंना झालीया. जेट बारीक घाल.”

इकडं तिकडं बघितलं तर सगळेच तेच करत होते. जो तो गाडीपुढं उकिडवा बसून बारीक जेट घालत होता. मी डबा उघडला, तर आतला गुळाचा खडा बघून शेजारचा एक जण खो खो हसला आणि दादाला म्हणाला, “पावणं, ताईस्नी तिकडं सावलीला बसवा की. आमचा मिस्त्री देतो जुळवून.”

“धुक्यात सावली कुठली हुडकतोयस?” मी म्हटलं. “तुझं तू बघ जा.”

मग दादाला विचारलं, “मूठ किती पिळलीस?”

“अर्धी. फुडचं दिसंना झालंय, पुरी पिळू कशी?”

“मग भडभडतीया ती सुईवर. मेन जेटचा काय संबंध त्यात?”

“सगळी बारीक घालालीत. ती काय खुळी हाईत?”

“असतील! मला काय त्यांच्याशी करायचं? धुकं काय दिवसभर बसणार हाय व्हय? ऊन पडलं, वारं सुटलं, की हाच जेट पुरंल न पुरंल. आणि तवा तू सरळ पट्ट्यात पुरी मूठ पिळणार. मी सुई एक खाच खाली घेतो. जेटला हात लावणार न्हाय.”

दादानं मान वळवून आबांकडं बघितलं. आबा टेम्पोच्या फळीला टेकून उभे होते, सगळं ऐकत होते. गाडी बांधायच्या दोरीचं वेटोळं नुसतं या हातातून त्या हातात.

“जाम झाली तर?” दादा हळूच म्हणाला.

“तर मी सोता टेम्पोत चढवतो.”

बोलले खरी ताठ्यात. पण सुई खाली घेताना भ्याले होते, खोटं कशाला बोलू? माझं चुकलं असतं तर गाडी गेली असती आणि ती मी घालवली असती. आणि त्याहून मोठी भीती त्या सरळ पट्ट्याची होती. दादाचा तो सोललेला गाल अजून माझ्या डोळ्यांपुढं होता. तरी मी जेट बदलला नाही.

शर्यत सुरू व्हायच्या आत धुकं असं उठलं, जसं कुणी चादर ओढून घ्यावी. स्वच्छ ऊन पडलं, आणि मागनं कोरडा गार वारा सुटला. मी पळत जाऊन सरळ पट्ट्याच्या शेवटाला दोरीला धरून उभी राहिले. मला कोण पुढं आहे ते बघायचं नव्हतं. मला ऐकायचं होतं.

गाड्या आल्या. बारीक जेटवाल्यांचा आवाज पातळ, धारदार, शीळ घातल्यासारखा. तो आवाज मी ओळखत होते. माळावर मी त्याच आवाजावर खूश होऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले होते. आमची गाडी त्यांच्या मागं होती, आणि तिचा आवाज भरलेला, पोटातून येणारा. दादा पहिल्या फेऱ्यांत मागं पडलाय हे दिसत होतं. एकदा जाताना त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की हातात असता तर पाना फेकून मारला असता. मी त्याला मुठीनं खूण केली, पीळ, पुरी पीळ.

मग एक शीळ तुटली. पट्ट्याच्या मधोमध पुढची गाडी मुकी झाली आणि घसरत दोरीकडं गेली. चालवणारा उठून बसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नंतर आणखी एकाची गाडी दम टाकत बाहेर आली. ती मला सावलीला बसवायला निघालेल्या पाव्हण्याची होती. मला हसू आलं, आणि मी ते दाबलं नाही. आमची तेवढ्यात समोरून गेली, तसाच भरलेला आवाज.

दादा पहिला आला नाही, दुसरा आला. पहिला आला तो उत्तम चालवणारा होता आणि त्याची गाडीही आमच्यासारखीच भरल्या आवाजाची होती, हेही सांगून टाकते. पण आमचं ठरलं होतं तसं दादानं शेवटची रेघ ओलांडताना मूठ पुरी पिळलेली ठेवली, तशीच गाडी बंद केली आणि घरंगळत माझ्यापुढं आणून उभी केली. तो काही बोलायच्या आत मी पाना लावला होता.

प्लग तापला होता, म्हणून पदराच्या टोकात धरला. पण बघायच्या आधी आबा आले. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरा हात पुढं केला.

“खडा कुठाय?”

मी डब्यातून खडा दिला. त्यांनी मुंगी फुंकून उडवली. एका चिमटीत प्लग, दुसऱ्या चिमटीत गूळ, दोन्ही उन्हाकडं धरून, सौद्यात व्यापारी बघतो तसे नव्हे, काहिलीच्या काठावर ते स्वतः बघायचे तसे, डोळे बारीक करून बघत राहिले. तांबूस तपकिरी. दोन्ही सारखेच. ते नुसतं “हं” म्हणाले, प्लग माझ्या हातावर ठेवला आणि खडा तोंडात टाकला.

गाडी टेम्पोत चढवून दोरीनं आवळली. ड्रायव्हरनं विचारलं, “आबा, कुठं घ्यायची?” गिऱ्हाइकाचं त्यालाही ठाऊक होतं. आबा म्हणाले, “घरला. आनि कुठं?” दादाला त्यातलं काही कळलं नाही, तो आपला बक्षिसाची ढाल पोटाशी धरून झोपला होता. मी सगळी उतरण संपेपर्यंत, सगळ्या वळणांवर, मोठ्यानं हसत होते.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. भाच्यालाही वाटलं संपली, त्यानं लॅपटॉप मिटला. पण मला सांगायचं ते पुढंच आहे.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळ पेटलं. हंगामातली पहिली काहील. मी नेहमीसारखी फडकी घेऊन कोपऱ्यात होते. रस दाटत आला, बुडबुडे मोठे होऊन फुटायला लागले, गडी बांबू घेऊन तयार उभे राहिले. आबा काठाला होते. त्यांनी मान न वळवता हाक मारली.

“ये बाई. हितं हुबी ऱ्हा.”

मला आधी वाटलं आईला बोलावलं. मग फडकी टाकून गेले. ते बाजूला सरकले, काठावरच्या स्वतःच्या जागेवरून. तिथं मी दुसऱ्या कुणाला उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं, दादा सोडून.

“बघ,” ते म्हणाले. बस, एवढंच.

मी रसाकडं बघितलं. वाफेनं तोंड भाजत होतं. थेंब पाण्यात सोडला, गोळी वळली, मऊ होती. “अजून न्हाय,” मी म्हटलं. गडी एकमेकांकडं बघायला लागले. मी पुन्हा थेंब सोडला. आता गोळी बोटात घट्ट झाली, काहिलीच्या काठावर टाकली तर टण्ण वाजली, आणि रसाचा रंग तोच होता, जो मी पावसाळाभर डब्यात घेऊन फिरले होते.

“उतरा!”

कुणी हललं नाही. सगळे गडी आबांकडं बघत होते.

“माझ्याकडं काय बघालायसा?” आबा खेकसले. “तिनं सांगितल्यालं ऐकू आलं न्हाय व्हय?”

आणि काहील उतरली.